काकींचा एकटीचा फोटो

आधी चहा ओता, मग सांगतो. कोरड्या घशानं सांगण्यासारखा हा किस्सा नाही, आणि ऐकून झाल्यावर तुम्ही मला दुसरा कप देणार नाही याचीही खात्री आहे. आता काय सांगू तुम्हाला, मी एकदा अर्ध्या नेरे गावाला रडवलं. कुणाला शिवी दिली नाही, कुणाच्या अंगावर गाडी घातली नाही. मोबाईलवर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवली, बस.

आम्ही नेऱ्यात भाड्यानं राहतो, मी आणि माझी बायको अनघा. वर आमच्या दोन खोल्या, खाली मालक. मालकांना सगळे तात्या म्हणतात. थोडी जमीन विकून घर बांधलं, उरलेल्या जमिनीत अजून भात आणि हरभरा घेतात. बोलणं असं, की नुसतं 'जेवलास का' विचारलं तरी आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. त्यांची बायको शेवंताकाकी मात्र नुसती साखर. भाजी केली की एक वाटी वर येणारच.

तर झालं असं, की आमचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. हिंजवडीतली तीन पोरं येऊन खोल्या बघून गेली होती आणि भाडं आमच्यापेक्षा जास्त द्यायला तयार होती. तात्या म्हणाले, "बगू. शनवारी सांगतो."

आता आजूबाजूच्या सोसायट्यांत लोक टँकरची वाट बघत आंघोळी करतात, आणि आमच्याकडे तात्यांच्या विहिरीचं पाणी चोवीस तास. अनघानं मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की ह्या खोल्या गेल्या तर तू बादली घेऊन टँकरमागे पळायचं आणि मी माहेरी जायचं. तेव्हा शनिवारपर्यंत मालक-मालकिणीला खूश ठेवणं एवढंच काम होतं.

अनघा म्हणाली, सरळ पेढे नेऊन दे. पेढे काय हो, कुणीही देतं. मी कलाकार माणूस!

म्हणजे सहा महिन्यांपासून कलाकार. कॅमेरा घेतला होता आणि काळ्या-पांढऱ्या पोर्ट्रेटचं वेड लागलं होतं. आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. तिथं आपण काढलेला चेहरा टाकायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. त्यात एक सर आहेत. कोण, कुठले, कुणाला ठाऊक नाही. नावापुढे नुसता एका डोळ्याचा फोटो. पण ते 'ठीक' म्हणाले की माणूस आठवडाभर हवेत तरंगतो. मला सहा महिन्यांत एकदाही म्हणाले नव्हते. माझ्या एका फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, 'कॅमेरा चांगला आहे.'

आणि त्याच आठवड्यात काकींनी आपणहून विषय काढला.

"आवी, तुज्या त्या यंत्रानं माजा एक फोटू काढ की. एकटीचा."

म्हणाल्या, लग्नापासून आजवर जेवढे फोटो निघाले त्या सगळ्यांत शेजारी कुणीतरी आहेच. पोरीच्या लग्नात तर निम्म्या मांडवाच्या खांबामागे गेल्या. सत्यनारायणाच्या फोटोत नुसतं कोपर आलंय. आता एक असा पाहिजे ज्यात त्या एकट्याच असतील, आणि तो हॉलमध्ये लावायचा. मला काय, आयती संधीच चालून आली.

बुधवारी सकाळी काकी नटून आल्या. तासभर लागला त्यांना. ठेवणीतलं हिरवं लुगडं, गळ्यात डोरलं आणि काळी पोत, हातात हिरव्यागार बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी त्यांना न्हाणीघराशेजारच्या खिडकीत बसवलं, कारण प्रकाश तिथं एका बाजूनं छान येतो. शेजारीच पाणी तापवायची चूल. तिचा धूर काकींच्या डोळ्यांत गेला, त्या डोळे पुसत पुसत हसत होत्या. मी चाळीसेक फोटो काढले आणि त्यातला सगळ्यात हसरा निवडून, काळा-पांढरा करून ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत सरांचं उत्तर. त्यांनी लिहिलं होतं, की गळ्यापाशी फार गर्दी आहे, आणि हातातल्या त्या बांगड्या तिथं काय करतायत? चेहरा तेवढा ठेवा.

खरंच की! मी फोटो खालून कापला. बांगड्या गेल्या, डोरलं गेलं, पोत गेली. हनुवटीच्या खाली बोटभर जागा राहिली. काय सुटसुटीत वाटलं म्हणून सांगू.

दुसरा अभिप्राय आला. नजर डोळ्यांवर जायला हवी, ती कपाळावरच्या काळ्या ठिपक्यावर जातेय. चेहराही काळवंडलाय. लाल रंगाची पट्टी उजवीकडे न्या.

हे तुम्हाला जरा समजावून सांगतो. फोटो काळा-पांढरा केला तरी मोबाईलमधल्या त्या ॲपला मूळचे रंग ठाऊक असतात. प्रत्येक रंगाची एक पट्टी असते. लालची पट्टी उजवीकडे नेली, की फोटोत जे जे लाल असेल ते उजळत जातं. मी नेली. काकींचा चेहरा असा उजळला, असा उजळला, की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आणि तो ठिपकाही आपोआप गेला. मी म्हटलं, एका दगडात दोन पक्षी.

तिसरा अभिप्राय: हसरे चेहरे कॅलेंडरवर शोभतात. म्हणून मी दुसरा फोटो घेतला, धुरानं डोळे भरून आलेला. त्यावरही तेच सगळं केलं. शेवटी सर म्हणाले, आता याला एका शब्दाचं नाव द्या. मी डोकं खाजवलं आणि मला काकींचेच शब्द आठवले. नाव दिलं, 'एकटी'.

सरांनी लिहिलं, 'उत्तम. आता यात गोष्ट आहे.'

उत्तम! ठीक नाही हो, उत्तम! कुठली गोष्ट, ते मी विचारलं नाही. तिथंच चुकलं.

शुक्रवारी सकाळी अनघा ऑफिसला निघताना तिला फोटो दाखवला. एका हातात डबा, एका हातात हेल्मेट, तिनं दोन सेकंद पाहिलं. म्हणाली, छान आहे, पण काकी अशा का दिसतायत? अशा म्हणजे कशा, मी विचारलं. काय माहीत, काहीतरी कमी वाटतंय, म्हणाली. मी तिला शांतपणे सांगितलं, की कमी करत जाणं हीच तर कला असते. ती म्हणाली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. आणि गेली.

मग मी तो फोटो माझ्या स्टेटसला ठेवला आणि आमच्या आळीच्या ग्रुपवरही टाकला. खाली एकच शब्द. 'एकटी'.

त्या दिवशी घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तात्या सकाळच्या एसटीनं पौडला गेले होते, तहसील कचेरीत कसलासा कागद आणायला. मोबाईल घरीच चार्जिंगला विसरले होते. काकी ओढ्यापलीकडे हरभरा उपटायला गेलेल्या. मी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून कामाला बसलो.

थोड्या वेळानं मोबाईल वाजायला लागला तो थांबेचना. ग्रुपवर जोडलेले हात. एकाचे, दोघांचे, दहाजणांचे. मध्येच एखादा रडका चेहरा. मला भरून आलं. म्हटलं, शहरातल्या लोकांना उगाच वाटतं, की कला त्यांनाच कळते. मीही प्रत्येकाला उलट हात जोडले.

अकराच्या सुमारास खाली माणसांची चाहूल लागली. बघतो तर ओट्यावर सात-आठ जण बसलेले. टोप्या काढून मांडीवर ठेवलेल्या. कुणी कुणाशी बोलत नाही. एवढी शांतता मी प्रदर्शनातच पाहिलीय. मी खाली जाऊन सगळ्यांना नमस्कार केला. एका म्हाताऱ्या आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काकींची चौकशी केली. मी म्हटलं, शेतात आहेत. आबा दचकले.

"शेतात? आज?"

"रोजच जातात की. हरभरा काढायचाय."

आबांनी शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्यानं मान हलवली. मग त्यांनी दबक्या आवाजात तात्यांचं विचारलं. मी सांगितलं, पौडला आहेत, सरकारी काम, कागद झाल्याशिवाय सोडत नाहीत, संध्याकाळ होईल. यावर सगळ्यांनी एकदम उसासा टाकला. मला वाटलं, तहसील कचेरीचा सगळ्यांनाच अनुभव दिसतोय.

मग शेजारच्या सुनंदावहिनी आल्या. डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. पाटी माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "आज तुमच्यात चूल पेटली नसंल."

पेटून न पेटल्यासारखीच! अनघा गेली आणि मी कुकर विसरलो होतो, शिट्ट्या सात झाल्या आणि भात तळाला लागला. मला वहिनींचं कौतुकच वाटलं, ह्यांना वास आला असणार. फडकं काढलं तर गरम पिठलं आणि भाकरी. आता मला सांगा, सकाळपासून पोटात काही नाही, समोर गरम पिठलं, तुम्ही काय केलं असतं? मी ओट्याच्या कडेला बसलो आणि दोन भाकऱ्या हाणल्या. सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. मी म्हटलं, घ्या ना तुम्हीपण. कुणी घेईना. मी वहिनींना विचारलं, लोणचं आहे का?

वहिनींनी तोंडाला पदर लावला.

तिसरी भाकरी हातात घेतली आणि दारात टेम्पो थांबला. मारुंजीहून आक्का आल्या. आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. त्यांनी फाटकातच असा हंबरडा फोडला, की माझ्या हातातला घास हातातच राहिला. इतकं? फोटो चांगला आहे, मान्य, पण इतकं?

त्या थेट माझ्यासमोर आल्या. हातात मोबाईल, त्यावर माझाच फोटो. बोट काकींच्या कपाळावर टेकवून म्हणाल्या, "हिच्या कपाळाचं कुणी काढलं रं?"

मी जरा लाजून म्हटलं, "मी."

"तू?"

"हो. आधी गळ्यातलं काढलं, मग बांगड्या. कपाळ शेवटी. अवघड नसतं आक्का, बोट नुसतं असं उजवीकडे न्यायचं."

ओट्यावरचे सगळे उभे राहिले.

"तुला कुनी सांगितलं हे कराया?"

"सरांनी."

"कोन सर?"

"ते माहीत नाही."

आणि मग, खरं सांगतो, आक्कांच्या बोटाखालचं ते कपाळ मला पहिल्यांदा दिसलं. तीन दिवस मी तो फोटो बघत होतो. डोळे पाहिले, सावल्या पाहिल्या, सुरकुत्या मोजल्या. कपाळ पाहिलंच नव्हतं. पांढरं, मोकळं कपाळ. मोकळा गळा. डोळ्यांत पाणी. खाली लिहिलंय 'एकटी'. घरात तात्या नाहीत. मी ज्यांना रसिक समजत होतो ती माणसं मयताला आली होती, आणि मी मयताचं पिठलं खात होतो.

मी तोंड उघडणार, एवढ्यात फाटकातून कुणीतरी धावत आलं.

तात्या होते. काम लवकर झालं म्हणून दुपारच्या आधीच परतले होते. रस्त्यावरून त्यांना आपल्या दारातली गर्दी दिसली, बहिणीचं रडणं ऐकू आलं, आणि आपण तर जिवंत आहोत हे त्यांना ठाऊक होतं. मग घरात उरलं कोण? तात्यांना पळताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. टोपी पडली, हातातला कागद पडला, ज्याच्यासाठी चार हेलपाटे घातले होते तो कागद.

"शेवंते!" तात्या ओरडले. "शेवंता कुटं हाय?"

कुणी उत्तर देईना. देणार कसं? ज्याच्यासाठी रडत होते तोच समोर उभा राहून विचारत होता. सुनंदावहिनींनी पाटी घट्ट धरली. आक्कांचं रडणं मध्येच तुटलं. आणि कुणीच बोलत नाही म्हटल्यावर तात्या अंगणात मटकन खाली बसले, तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

तेवढ्यात मागच्या बाजूनं काकी आल्या. डोक्यावर हरभऱ्याचा भारा. गर्दी पाहिली, आक्का पाहिल्या, भारा तिथंच टाकला. "ह्यांना काय झालं?" म्हणाल्या, आणि मग त्यांना तात्या दिसले आणि तात्यांना त्या.

तात्या उठले. चारचौघांत, बहिणीदेखत, त्यांनी काकींचा हात धरला आणि सोडेचनात. काकी इकडंतिकडं बघत हळूच म्हणाल्या, "सोडा की. लोकं बगत्यात."

आबांनी टोपी डोक्यावर घातली आणि सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"मंग गेलं कोन?"

आणि सगळे माझ्याकडे वळले. माझ्या हातात तिसरी भाकरी होती.

पुढचा अर्धा तास मी वीस माणसांना लाल रंगाची पट्टी समजावून सांगितली. ॲप उघडून, पट्टी हलवून, सगळं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी तू पट्टी सरकवलीस आन् माजा भाऊ मेला?"

याच्याहून सोपं करून मलाही सांगता आलं नसतं.

तात्यांनी पडलेला कागद उचलला, माती झटकली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मनात म्हटलं, गेल्या खोल्या. उद्या शनिवार. अनघा माहेरी, मी टँकरमागे.

पण त्याहून वाईट वाटलं ते नंतर. काकींनी फोटो मागितला. मोबाईल हातात धरून खूप वेळ बघितला. रागावतील, असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "ही मी न्हाई. ही माजी आई हाय. बा गेल्यावर अशीच दिसायची."

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. ती बाई तासभर नटून माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिच्या अंगावरचं एकेक उतरवत गेलो होतो. कशासाठी, तर कुठल्या तरी डोळ्यानं उत्तम म्हणावं म्हणून.

"माजं कुकू दे," काकी म्हणाल्या.

मी घाईघाईनं लाल पट्टी पार डावीकडं नेली. कुंकू परत आलं, पण काळंकुट्ट.

"हे काळं हाय."

मी म्हटलं, काकी, काळ्या-पांढऱ्यात लाल दिसतच नाही. एक तर काळं दिसतं, नाहीतर दिसतच नाही.

"आरं मंग रंगीतच ठेव की, येड्या."

सहा महिने अभिप्राय घेत होतो मी. एवढा स्पष्ट अभिप्राय पहिल्यांदाच मिळाला. मी रंगीत ठेवला. पहिलाच हसरा, न कापलेला. हिरवं लुगडं, डोरलं, बांगड्या, रुपयाएवढं लालभडक कुंकू. मोठा करून, चौकट करून संध्याकाळी काकींच्या हातात दिला. तोच सरांनाही पाठवला. सरांनी लिहिलं, 'कॅमेरा चांगला आहे.'

शनिवारी तात्यांनी खाली बोलावलं. मी आणि अनघा आरोपीसारखे उभे. हॉलमध्ये काकींचा फोटो लागला होता. तात्या म्हणाले, "ऱ्हावा अजून अकरा म्हैनं."

माझा कानांवर विश्वास बसेना. अनघाला काकींनी नंतर आत नेऊन कारण सांगितलं म्हणे. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती, आणि हात तर लांबच. त्या तीन पोरांनी दुप्पट भाडं दिलं तरी हे जमलं असतं का?

तर सगळं गोड झालं, आता फक्त फॉर्म भरायचा होता. भाडेकरूची माहिती पोलीस चौकीत द्यावी लागते, त्याला माझा एक फोटो हवा होता. मी खिशातून पाकीट काढलं. पाकिटात माझा एकच छोटा फोटो निघाला. ग्रुपसाठी सराव म्हणून माझा मीच काढलेला. काळा-पांढरा. चेहरा गंभीर, मागे अंधार.

तात्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि फॉर्मला लावूच दिला नाही. रंगीत आण म्हणाले. तो मात्र परत दिला नाही, हॉलमधल्या काचेच्या कपाटात काकींच्या फोटोखाली उभा करून ठेवला.

"ऱ्हाऊ दे हितं. पुन्यांदा हिचा फोटू काढलास तर हार घालाया लागंल."

काकी करंडा घेऊन आल्या, बोट बुडवलं आणि माझ्या त्या फोटोतल्या कपाळावर कुंकवाचा टिळा लावला. म्हणाल्या, असू दे लाल, नाहीतर येणारी-जाणारी लोकं उगीच पिठलं घेऊन येतील.

"येऊ द्या की," तात्या म्हणाले. "ह्योच खाईल."